चुना न लावलेला बाजार

सात खोऱ्यांचं एक राज्य होतं. तिथे ससे होते, साळिंदरं होती, रानकोंबड्या आणि मुंगसं होती, आणि सगळी गुण्यागोविंदाने राहायची. निवडणुकीचे दिवस तेवढे सोडून.

या राज्यात एक जुनी रीत होती. नवा राजा निवडून आला की त्याने आधी मागच्या राजाचा बाजार पाडायचा आणि मग स्वतःचा बांधायचा. अस्वलाचा बाजार रानडुकराने पाडला, कारण कमानीवर अस्वलाचं तोंड कोरलेलं होतं. रानडुकराचा बाजार बिबट्याने पाडला, कारण त्याला डुकराचा वास येतो असं त्याचं म्हणणं पडलं. ज्यांना तो वास येत नव्हता त्यांनी आपलं नाक सरकारी वैद्याकडून तपासून घ्यावं, असा हुकूमही निघाला.

पाडलेल्या बाजाराचं काय करायचं याबद्दल रीत काही सांगत नव्हती. म्हणून खांब, तुळया, कौलं, दगड, सगळं ओढ्यात ढकलायचे. ओढा तुंबला आणि पाणी सशांच्या बिळांत शिरलं, तेव्हा चौकशी झाली आणि सशांनी बिळंच चुकीच्या जागी काढली आहेत, असं तिच्यात निघालं. नव्या बाजाराला मात्र दर वेळी नवं लाकूड लागायचं. त्यापायी एकेक रान तुटत गेलं. शेवटी मधल्या खोऱ्यातली देवराई तेवढी उरली. तिच्यात झरा होता, निम्म्या राज्याची घरटी होती, आणि एका जुन्या हिरड्याच्या मुळाशी त्र्यंबकराव खवल्यांचं बीळ होतं.

त्र्यंबकराव जातीने खवले मांजर आणि हुद्द्याने राज्याचे बांधकाम सल्लागार. परमुलखातल्या जंगलात शिकून आलेले. रानडुकराचा बाजार त्यांनीच बांधला होता आणि बिबट्याचाही. पहिला पडताना ते समोर उभे होते. बिबट्या बाजार बांधायला सांगत असतानाच त्यांना त्याचंही भविष्य दिसलं होतं, पण ते बोलले नाहीत. भीती वाटली की खवले मांजराचा चेंडू होतो, आणि राजसभेत त्र्यंबकरावांचा फार लवकर चेंडू व्हायचा. तो चेंडू म्हणजेच होकार, असं समजून कामकाज पुढे जायचं.

त्या वर्षी बिबट्या पडला आणि गवा निवडून आला. "चारा सर्वांना, वारा सर्वांना!" ही त्याची घोषणा होती. वारा खरोखरच सर्वांना मिळाला. गादीवर बसल्यावर त्याने गवेंद्र महाराज असं नाव घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी बिबट्याचा बाजार ओढ्यात गेला.

"अहो," इंदुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सुतारपक्षी आले होते देवराईत. नव्या बाजारासाठी झाडांवर फुल्या मारून गेले. आपल्या हिरड्यावरही मारलीय."

त्र्यंबकरावांना आपोआप वाकायला झालं.

"गुंडाळू नका आता. पाठ करा इकडे, केवढी माती अडकलीय." इंदुमतीबाई त्यांचे खवले साफ करायला बसल्या. साफ करताना एक खवला निघून हातात आला. त्र्यंबकराव कळवळले.

"निघाला तर निघाला," त्या म्हणाल्या. "येईल दुसरा. एक खवला गेला म्हणून कुणी अख्खी पाठ पाडत नाही."

त्र्यंबकराव ताडकन सरळ झाले. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"पाठ पाडत नाही म्हणाले. का हो?"

त्या दिवशी ते जेवायलाही आले नाहीत. बिळासमोरच्या मातीत नखाने रेघा ओढत बसले.

राजसभा भरली तेव्हा गवेंद्र महाराज रवंथ करत होते. महाराज प्रत्येक प्रश्नावर नीट रवंथ करून मगच उत्तर देत, त्यामुळे उत्तर यायचं तेव्हा विचारणारा घरी गेलेला असायचा. शेजारच्या आसनावर प्रधानबाई घोरपड बसल्या होत्या. राज्य त्याच चालवायच्या.

त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोर हिरड्यावरची फुली होती. ते म्हणाले, "महाराज, आपल्याकडे बाजार मोडले जातात, हे काही लपलेलं नाही. जे मोडणारच आहे ते मोडता येईल असं बांधावं, एवढंच माझं म्हणणं आहे. खांब पुरायचे नाहीत, दगडाच्या बैठकीत उभे करायचे. तुळया खाचेत बसवायच्या आणि लाकडी खुंटीने अडकवायच्या. कौलं माझ्या पाठीसारखी, एकावर एक, हवं ते एकटं काढता येईल अशी. एक खांब किडला तर तोच बदलायचा. सगळा बाजार हलवायचा झाला तर खुंट्या काढून हलवायचा. वस्तू फिरत राहते, वाया जात नाही. याला चक्राकार बांधकाम म्हणतात. आणि नवं लाकूड लागणारच नाही. ओढ्यात तीन राजांचे बाजार पडलेत, त्यातूनच हा उभा राहील."

"आणि चुना?" महाराजांनी विचारलं. हा प्रश्न रवंथाशिवाय आला, म्हणून सभा चकित झाली.

"चुना लागणार नाही, महाराज."

"चुना न लावता?" महाराजांनी प्रधानबाईंकडे पाहिलं. "आपल्या राज्यात चुना लावल्याशिवाय आजवर काही बांधलं गेलंय?"

"आजवर नाही, महाराज," प्रधानबाई म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. जीभ आतबाहेर करत त्या त्र्यंबकरावांकडे वळल्या. "खवले, एक सांगा. तुमचा हा बाजार मोडून दुसऱ्या खोऱ्यात उभा करायला किती वेळ लागेल?"

"सगळ्यांनी हात लावला तर एक दिवस."

"एक दिवस!" प्रधानबाई हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या सल्लागाराकडे पाहून हसल्या असतील. "महाराज, मंजूर करू या. खवले, तुम्ही थोर आहात."

त्र्यंबकरावांचा ऊर भरून आला. ते थोर आहेत असं सरकारात कुणी म्हणालं नव्हतं. प्रधानबाईंना तो वेळेचा प्रश्न का पडला, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मग मधल्या खोऱ्यात असं काम सुरू झालं की तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. रेड्यांनी ओढ्यातून खांब ओढून काढले. माकडांनी कौलं धुतली. दाणेवाली कोंडाबाई रानकोंबडी सकाळपासून तुळयांवर फिरून ओरडायची, "साहेब, मला बसायला उंच जागा हवी! खाली बसलं की गिऱ्हाईक माझ्यावरच पाय देतं!"

"फळी वर सरकवा, कोंडाबाई. खुंटी काढा आणि वरच्या भोकात घाला."

कोंडाबाईंनी फळी वर सरकवली, मग खाली, मग पुन्हा वर. "अगं बाई! दुकान माझ्याबरोबर उठतं-बसतं की!"

बाजार उभा राहिला. अस्वलाचे खांब होते, डुकराच्या तुळया होत्या, बिबट्याची कौलं होती. एवढी सर्वपक्षीय एकजूट त्या राज्यात दुसरीकडे कुठेच नव्हती. भिंतींच्या जागी वेताचे पडदे होते, त्यांतून वारा यायचा आणि भाजी सुकायची नाही. ओढाही मोकळा झाला, सशांची बिळं कोरडी झाली, आणि सुतारपक्ष्यांना देवराईतल्या फुल्या पुसून यावं लागलं.

उद्घाटनाला अख्खं खोरं लोटलं. गवेंद्र महाराजांनी शिंगाने वेल तोडला आणि भाषण केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, आधीच्या राजांनी काय केलं? काहीच नाही! हा बाजार मी शून्यातून उभा केला आहे!" महाराज हे अस्वलाच्या खांबाला टेकून बोलत होते. टाळ्या पडल्या. कोंडाबाईंनी दाण्यांची पहिली टोपली मांडली.

महाराज जेवायला गेले आणि प्रधानबाईंनी शिट्टी वाजवली. "चला, उतरवा!"

"काय उतरवा?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"बाजार. उद्या पश्चिम खोऱ्यात उद्घाटन आहे. परवा कडेपठारला. महाराजांनी सात खोऱ्यांना सात बाजार कबूल केलेत."

"पण प्रधानबाई, हा तर एकच आहे!"

"म्हणून तर तुम्ही थोर, खवले." त्यांनी त्र्यंबकरावांच्या पाठीवर थाप मारली. "बाजार फिरता. महाराज फिरते. मी हारही तोच ठेवलाय आणि टाळ्या वाजवणारी माकडंसुद्धा तीच. चक्राकार म्हणतात ना याला?"

खुंट्या निघाल्या, कौलं उतरली. कोंडाबाई अजून फळीवरच होत्या, त्यांच्यासकट फळी काढली गेली. दिवस मावळायच्या आत बाजाराच्या जागी मोकळं मैदान उरलं आणि मैदानात दाण्यांची टोपली.

पश्चिम खोऱ्यात महाराजांनी तेच भाषण केलं. कडेपठारला केलं तेव्हा माकडं वाक्य संपायच्या आधीच टाळ्या वाजवू लागली होती. प्रत्येक ठिकाणी तोच बाजार दुपारभर उभा राहायचा, लोक डोळे भरून बघायचे, कावळे बातमी घेऊन उडायचे, आणि संध्याकाळी बाजार नसायचा. "सात खोरी, सात बाजार!" अशा पाट्या झाडाझाडावर लागल्या. राज्याच्या कोठारातून प्रत्येक बाजाराच्या बांधकामापोटी धान्य उचललं गेलं. ते कुठे गेलं हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या महिन्यात प्रधानबाईंना खुर्ची मोठी करून घ्यावी लागली.

गवेंद्र महाराजांना यातलं काही माहीत नव्हतं. आपण सात बाजार बांधले, हे त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बाजार पाहिला होता.

त्र्यंबकराव घरी आले आणि त्यांचा चेंडू झाला. इंदुमतीबाईंनी मुंग्या आणून ठेवल्या, तरी उलगडले नाहीत. आपण आयुष्यात एक चांगली गोष्ट शोधून काढली आणि ती चोरांच्या कामी आली, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. बिबट्याचा बाजार पडला तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. आता लाज वाटत होती.

पाठीवर टकटक झाली. कोंडाबाई चोच मारत होत्या.

"साहेब, उलगडा. मला चेंडूशी बोलता येत नाही."

"काय बोलायचंय?" आतून आवाज आला. "माझ्यामुळे झालं सगळं."

"झालं तर झालं. मी त्या फळीवरून चार खोरी हिंडून आले. सगळीकडे बघितलं. पश्चिम खोऱ्यात अस्वलाची कचेरी पाडून टाकलीय, लाकूड तसंच पडलंय. कडेपठारला डुकराची धर्मशाळा. मोडलेलं काही नाही असं एक खोरं दाखवा मला. बाजार उतरवून उतरवून आमच्या लोकांचे हातही बसलेत. तुम्ही नुसते सोबत या."

एक डोळा बाहेर आला. "प्रधानबाई परवानगी देतील का?"

"कसली परवानगी? तिथे बाजार बांधलाय असं त्यांनीच जाहीर केलंय. बांधून झालेल्या बाजाराला कुणी परवानगी मागतं का?"

त्र्यंबकराव हळूहळू उलगडले. मग हसायला लागले. खवले मांजर हसलं की खवले वाजतात, आणि तो आवाज इंदुमतीबाईंनी लग्नानंतर दुसऱ्यांदाच ऐकला. त्यांनी लगेच वाटेसाठी मुंग्यांची पुरचुंडी बांधली.

प्रकृतीच्या कारणास्तव त्र्यंबकरावांनी रजा घेतली आणि ते खोऱ्याखोऱ्यांत फिरले. जिथे जातील तिथे आधी मोडक्या सामानाचा ढीग बघायचे आणि त्यातून काय होईल ते ठरवायचे. पश्चिम खोऱ्यात खांब आखूड निघाले, म्हणून बाजार बुटका झाला, पण लांबलचक. कडेपठारला वारा फार, तिथे कौलांना दोन-दोन खुंट्या घातल्या. सहाव्या खोऱ्यात कुणी कधी काही बांधलंच नव्हतं, फक्त राजांचे पुतळे उभारले होते आणि पाडले होते. त्र्यंबकरावांनी त्या पुतळ्यांचे पाय खांब म्हणून उभे केले. राज्य करताना त्या राजांनी एवढा भार कधी उचलला नव्हता.

प्रधानबाईंपर्यंत यातलं काहीच गेलं नाही. त्या सरकारी बाजाराबरोबर फिरत होत्या आणि तो जिथून हलायचा तिथे पुन्हा डोकावण्याचं त्यांना कारण नव्हतं.

विरोधी पक्षाचे पुढारी होते तरसे. जातीने तरस, त्यामुळे दुःखद प्रसंगीही त्यांना हसूच यायचं. ते भर सभेत उठले. "सात बाजार? हा हा! महाराज, बाजार एकच आहे! सातही खोऱ्यांची पाहणी करा! एकाच दिवशी! मी चालायला तयार आहे!"

गवेंद्र महाराज म्हणाले, "करू या की." त्यांना भीती नव्हती. प्रधानबाईंची शेपूट मात्र आसनाखाली थरथरत होती.

त्यांनी त्र्यंबकरावांना बाजूला घेतलं. "खवले, काहीही करा. महाराजांच्या पालखीच्या पुढे बाजार पळवत नेता येईल का? इकडे उतरवायचा, तिकडे चढवायचा, महाराजांना वाटेत कुठे फराळाला थांबवू."

"गरज पडणार नाही, प्रधानबाई."

"म्हणजे?"

"आपणच बांधलेत ना सात?" त्र्यंबकराव म्हणाले. त्यांची पाठ वाकली नव्हती, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पश्चिम खोऱ्याच्या वळणावर प्रधानबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर बुटका, लांबलचक बाजार होता. आत सशीण गाजरं विकत होती आणि दोन मुंगसं भावावरून भांडत होती. तरसे हसायचे थांबले. प्रधानबाई तर दगडाला चिकटल्या.

"हा बाजार कुणी बांधला?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"महाराजांनी," एक साळिंदर नम्रपणे म्हणालं. "आपणच जाहीर केलंत ना?"

हा बाजार आपला नाही, हे प्रधानबाईंना खात्रीने माहीत होतं, आणि ते सांगायची सोय फक्त त्यांनाच नव्हती. "हो, हो," त्या म्हणाल्या. "महाराजांचाच."

कडेपठारला बाजार होता. सहाव्या खोऱ्यातही होता, आणि तिथे गवेंद्र महाराजांनी खांब पाहून विचारलं, "हे पाय कुणाचे?" कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते रवंथ करत पुढे गेले.

संध्याकाळी मधल्या खोऱ्यात सभा भरली. महाराज आनंदात होते. तरसे मात्र अडून बसले. "बाजार आहेत, मान्य! मग देवराई उभी कशी? सात बाजारांचं लाकूड आलं कुठून?"

सगळे त्र्यंबकरावांकडे पाहू लागले. प्रधानबाई नुसत्या डोळ्यांनी त्यांना चेंडू व्हा, चेंडू व्हा, असं सांगत होत्या. त्र्यंबकरावांच्या मानेपासून शेपटीपर्यंत कळ गेली. समोर कोंडाबाई बसल्या होत्या, त्यांच्यामागे सात खोऱ्यांतले बाजारकरी. त्र्यंबकरावांनी नखं जमिनीत रोवली.

"लाकूड जुनंच आहे. मोडलेल्या बाजारांचं, कचेऱ्यांचं. मेहनत या लोकांची आहे. कोठारातला एक दाणाही लागलेला नाही."

एवढी शांतता झाली की गवेंद्र महाराजांचा रवंथ ऐकू येऊ लागला. मग तोही थांबला.

"मग दाणे कुठे गेले?" महाराजांनी विचारलं.

सभेतल्या सगळ्या माना आपोआप प्रधानबाईंच्या मोठ्या खुर्चीकडे वळल्या. कोंडाबाई तर उडून त्या खुर्चीच्या पाठीवरच जाऊन बसल्या. "आता उठून दाखवा!" त्या म्हणाल्या. प्रधानबाईंना उठता आलं नाही. हत्तींनी त्यांना खुर्चीसकट सभेबाहेर नेलं, आणि सात खोरी हसत हसत घरी गेली.

निवडणूक लागली. "कोठार उघडा!" अशी घोषणा देत तरसे उभे राहिले आणि प्रचंड मतांनी निवडून आले. गवेंद्र महाराज कुरणात गेले आणि तिथे त्यांना पूर्वीपेक्षा बरं वाटू लागलं. तरसे महाराजांनी कोठार उघडलं. आत वारा होता.

मग रीतीप्रमाणे हुकूम आला: मागच्या राजाचे सातही बाजार पाडा.

बाजारकऱ्यांनी खळखळ केली नाही. खुंट्या काढल्या, कौलं उतरवली, खांब खांद्यावर घेऊन घरी गेले. कावळ्यांनी बातमी दिली: भ्रष्ट राजवटीची निशाणी एका दिवसात भुईसपाट. दुसऱ्या दिवशी सगळे खांब परत आले, नव्या राजाच्या नावाची पाटी लागली, आणि कावळे पुन्हा उडाले: सात खोरी, सात नवे बाजार, तेही एका दिवसात. कोंडाबाईंची फळी दुपारी आपल्या जागी होती. देवराईला कुणी हात लावला नाही. झऱ्यावर पोरं डुंबत होती आणि त्र्यंबकराव हिरड्याखाली मुंग्या खात बसले होते. त्यांना फार बरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात मंत्रिमंडळाच्या शपथविधीचं आमंत्रण आलं. तरसे महाराजांनी सकाळी जुनं मंत्रिमंडळ बरखास्त केलं होतं आणि न्याहारीच्या आत नवं जाहीर केलं होतं. त्र्यंबकराव इंदुमतीबाईंना घेऊन गेले. कोठारमंत्री म्हणून जुन्याच कोठारमंत्र्यांनी शपथ घेतली. ओढेमंत्री तेच होते. शेवटी, कोठारातल्या चोरीच्या चौकशी समितीच्या अध्यक्ष आणि राज्याच्या प्रधान म्हणून घोरपडबाई पुढे आल्या, आणि माकडांनी टाळ्या वाजवल्या.

इंदुमतीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, हेसुद्धा तुम्हीच शिकवलंत का त्यांना?"

"नाही गं," त्र्यंबकराव म्हणाले. "यात ते आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. आपल्याला मोडून जोडायला निदान एक दिवस तरी लागतो."